खायला की राहायला

आमच्या सॉ मिलमध्ये एक डॉक्टर होता. त्याने कधी माणसाची नाडी धरली नाही. तो करवतींच्या दातांना धार लावायचा. मी ओंडके गाड्यावर चढवून करवतीकडे ढकलायचो. म्हणून तो 'डॉक्टर' आणि मी 'ओंडक्या'. चौतीस वर्षं आम्ही एकमेकांना याच नावांनी हाक मारली. आता दोघंही घरी बसलो आहोत. एकाच इमारतीत राहतो, तो दुसऱ्या मजल्यावर, मी तळाला. नावं तीच आहेत.

त्याचं काम आधी नीट सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. मोठ्या पट्ट्याच्या करवतीला दोनशेवर दात. दिवसातून दोनदा ती उतरायची. डॉक्टर एकेक दात दगडाला लावायचा, मग एक डावीकडे, एक उजवीकडे असा किंचित वाकवायचा. घाई नाही, बोलणं नाही. धार लावली की दात केसभर झिजतो, आणि झिजलेलं पोलाद परत येत नाही. झिजून झिजून पट्टा अरुंद झाला की करवत भंगारात. दुसऱ्या मिलमध्ये जी करवत सहा महिने टिकायची ती आमच्याकडे दहा महिने चालायची. गरजेपेक्षा केसभरही जास्त घासायचं नाही, ही त्याची शिस्त. "दात खर्चायचा नसतो रे, राखायचा असतो," तो म्हणायचा. हे मी इतक्यांदा ऐकलं की पुढे मला कवळी बसली तेव्हा त्याच्यासमोर तोंड उघडायची लाज वाटली.

दगडांजवळ तर तो कुणाला येऊ द्यायचा नाही. एकदा ओंडके ओढायच्या आकड्याला टोक काढायला मी त्याचा एक दगड वापरला. आकडा मऊ लोखंडाचा, दगडही मऊ. दगडाला खाच पडली. तीन दिवस त्याने अबोला धरला. चौथ्या दिवशी बोलला ते एवढंच: "कठीण पोलादाला मऊ दगड, मऊ लोखंडाला कठीण दगड. उलटं केलंस की एकतर दगड जातो, नाहीतर दात."

अशा माणसाच्या घरी त्याच्या मुलीने मासे आणून ठेवले.

मुलगी दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत एकटी राहते. नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी करते. कचेरीने तिला आठ महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात पाठवलं. तिच्या खोलीत माशांची टाकी होती.

"बाबा, परत येईपर्यंत सांभाळाल?" तिने विचारलं.

डॉक्टर लगेच हो म्हणाला. ती लहान असताना हा तिच्या उठण्याआधी मिलमध्ये पोचलेला असायचा आणि परतायचा तेव्हा ती झोपलेली असायची. जे काही मागायचं ते ती आईकडे मागायची. बापाकडे तिने केलेलं हे पहिलंच मागणं. ते त्याला पुरं करून दाखवायचं होतं. पाच मासे घेतले, पाच परत द्यायचे. दुसरं काही नाही.

टाकी आम्ही दोघांनी वर नेली. साठ लिटरची. रिकामी असली तरी काचेला दोन माणसं लागतात. वाळू दोन पिशव्यांत वेगळी. छत्तीस पायऱ्या, तीन फेऱ्या. मुलगी माशांचा डबा छातीशी धरून मागून येत होती आणि "काका, सावकाश" म्हणत होती. मी आयुष्यभर ओंडके सावकाशच नेले आहेत, पण ऐकून घेतलं.

मासे म्हणजे काय, तर शेपूट धरून बोटाच्या एका पेराएवढे. अंग वाटाण्यासारखं गोल, पिवळसर हिरवं, वर काळे ठिपके. दुकानात त्यांना पफर म्हणतात. डोळे दोन दिशांना वेगवेगळे फिरतात. दिसायला गोजिरवाणे, वागायला गुंड. तोंडात पोपटासारखी चोच, दात एकमेकांना चिकटून झालेली. सगळ्यात लहान होता त्याला मुलगी बुटका म्हणायची.

त्यांच्यासोबत टाकीत कोण राहू शकतं हे तिने आम्हाला बसवून समजावलं. काचेसारख्या पारदर्शक चार मोठ्या कोळंब्या होत्या. कोळंबी मोठी आणि चपळ असेल तरच टिकते, लहान लाल कोळंबी टाकली तर संध्याकाळी नुसते पाय सापडतात. तीन पट्टेरी गोगलगायी होत्या. त्यांचं कवच दणकट, पण मासे त्यांच्या मिशा कुरतडतात, तेव्हा लक्ष ठेवायचं. शिवाय एका डब्यात बारीक गोगलगायी वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या खायच्या.

जाताना तिने एक कागद लिहून दिला. चौथी ओळ अशी: 'खायच्या गोगलगायी आठवड्यातून दोनदा, दातांसाठी.'

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरने डब्यातली एक गोगलगाय टाकीत सोडली. मी शेजारी होतो. मोठा मासा आला, एक डोळा तिच्याकडे, एक आमच्याकडे, आणि त्याने कवच फोडलं. काचेबाहेर ऐकू आलं. टक. डॉक्टर खुर्चीतून उठलाच.

"दात जातील याचे," तो म्हणाला.

"तिने लिहिलंय ना, दातांसाठी म्हणून."

"तेच तर. दात सांभाळा म्हणून लिहिलंय. दोनदाच द्या, जास्त नको. अरे, एवढ्याशा दातावर असला माल घातला तर वर्षात संपेल तो. मी दोनदाही देत नाही. दात राहिला तर बरंच आहे."

मी मान हलवली. दोघांची मिळून अडुसष्ट वर्षं करवतीपाशी गेली होती. दुसरा अर्थ डोक्यात यायला जागाच नव्हती. त्या बारीक गोगलगायी तो दुकानात परत देऊन आला.

मग मऊ खाणं सुरू झालं. गोठवलेल्या लाल अळ्यांच्या वड्या मिळतात. वडी वितळवायची, गाळणीत धुवायची, चिमट्याने एकेक अळी एकेका माशासमोर धरायची. सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी पंचवीस. दर चौथ्या दिवशी पंधरा लिटर पाणी बदलायचं. वरच्या नळाला गंजाचं पाणी येतं म्हणून हा इमारतीच्या तळातल्या टाकीतून बादल्या नेत असे, छत्तीस पायऱ्या. अर्ध्या बादल्या भर म्हटलं तर ऐकायचा नाही. त्याच्या मेहनतीला नाव ठेवायला जागा नव्हती. पण मेहनत केली एवढं म्हणून भागत नाही, कशावर केली तेही बघावं लागतं. ते आम्ही बघितलं नाही.

पट्टेरी गोगलगायींच्या मिशा महिन्याभरात निम्म्या झाल्या. वहिनींनी, म्हणजे डॉक्टरच्या बायकोने, त्या तिन्ही उचलून पसरट भांड्यात ठेवल्या आणि भांडं खिडकीत नेलं. "तुमच्या गुंडांत यांचं काय काम," त्या म्हणाल्या. गोगलगायींच्या मिशा परत फुटल्या. वहिनींनी त्या कुणाला परत दिल्या नाहीत.

चार महिने सगळं ठीक होतं. दर रविवारी मुलगी फोनवर टाकी बघायची, मासे मोजायची, पाच. पाचव्या महिन्यात बुटका अळी तोंडात धरून थुंकायला लागला. पुन्हा धरायचा, पुन्हा थुंकायचा. तीन दिवसांत त्याचं पोट आत गेलं.

डॉक्टरने करवतीचे दात तपासायचं भिंग काढलं. मासा तोंड समोर करील तेव्हाच दिसणार, म्हणून पाऊण तास काचेला चिकटून उभा राहिला. मग जिन्यातून मला हाक मारली. मी वर गेलो तेव्हा तो खाली बसला होता.

"दात वाढलेत," तो म्हणाला.

"कुणाचे?"

"तुझे तर नाहीत ना. त्याचे. वरची चोच खालच्या चोचीवर उतरलीय. तोंड मिटत नाही, उघडत नाही. बाकीच्यांचेही वाढलेत, पण याचे फार." भिंग त्याच्या मांडीवर पडलं होतं. "घासल्यावर कमी होतो तो दात. वाढणारा दात मी जन्मात पाहिला नाही."

"उंदराचे वाढतात की. म्हणून तर तो सारखं कुरतडतो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा उंदराचा विषय नव्हता."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "आजवर तुम्ही दात झिजू दिला नाही एवढंच ऐकत होते," त्या म्हणाल्या. "आता वाढवूनही दाखवलात."

डॉक्टर भिंग उचलून पुन्हा काचेला चिकटला, तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं की हा विषय थट्टेचा नाही. त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

तो रविवारच होता. फोन आला. डॉक्टरने टाकी दाखवली, पण जरा घाईने.

"बाबा, बुटका दिसत नाही."

"मागे आहे, झाडात."

बुटका झाडातच होता. तेवढं खरं होतं.

सोमवारी दुकान उघडायच्या वेळी आम्ही दोघं दारात. दुकानवाल्या बाई पन्नाशीच्या, कोपरापर्यंत हात ओले. डॉक्टरने गोगलगायी हव्यात म्हणून सांगितलं.

"खायला की राहायला?" बाईंनी विचारलं. ओळखीच्या गिऱ्हाइकालाही त्या हेच विचारतात. पफर पाळणाऱ्याला दुसरं काही विचारून उपयोग नाही.

"घासायला," डॉक्टर म्हणाला.

बाईंनी वर बघितलं. "तुम्हीच ना ते, मागे डबाभर परत देऊन गेलेले?"

"हो."

"नवल वाटलं होतं मला. माशांना नको झाल्या का, म्हटलं."

डॉक्टर टाक्यांपुढून फिरत होता. एका टाकीत शंकूसारख्या लांब, टोकदार गोगलगायी होत्या. त्याने एक काढून मागितली, नखाने दाबली, कवचावर टिचकी मारली. "ही द्या. पंधरा."

"काका, त्या त्यांना फुटायच्या नाहीत."

"फुटायला नकोच आहेत. झिजवायचंय."

बाई काहीतरी सांगणार होत्या, पण मागे एक बाप-लेक मोठी टाकी घ्यायला आले होते. त्यांनी पंधरा मोजून दिल्या.

डॉक्टर उड्या मारायचा बाकी होता. सगळ्यात कठीण माल मिळाला होता. घरी येऊन त्याने त्या टाकीत सोडल्या. मासे आले. चावले. ठक असा आवाज आला आणि ते मागे झाले. मोठ्याने तीनदा प्रयत्न केला, मग तोंड फिरवून कोपऱ्यात गेला. गोगलगायी शांतपणे वाळूत शिरल्या. मंगळवारी तेच. बुटका तर जवळही येईना. वरून बघितलं तर डोक्यामागे त्याचं अंग आता काडीसारखं दिसत होतं.

मंगळवारी दुपारी डॉक्टरने पेटी उघडली. सगळ्यात बारीक कानस काढली, सुईएवढी.

"करणार आहेस?"

"लोक करतात म्हणे. दात कापतात माशांचे."

सरावाला त्याने वाटाणे भिजवून घेतले होते. एक चिमट्यात धरला आणि कानस नुसती टेकवली. वाटाण्याचं साल निघून आलं. दुसरा घेतला. त्याचंही निघालं. तिसऱ्या वेळी त्याने श्वास रोखून धरला होता. वाटाणा चिमट्यातून उडून माझ्या चहात पडला.

"पोलाद असतं तर केलं असतं," तो म्हणाला आणि कानस पुसून पेटीत ठेवली. "हात माझा चुकायचा आणि जीव त्याचा जायचा. नको."

मी चहातून वाटाणा काढला. चावायला गेलो तर कवळीखाली घसरला. आणि मला त्याचे ते तीन दिवस आठवले, आकड्याचे.

"डॉक्टर," मी म्हटलं, "कठीण पोलादाला कुठला दगड?"

"मऊ." तो सवयीने बोलला. मग माझ्याकडे बघत राहिला.

"तू त्यांच्या कठीण दाताला कठीण दगड दिलास. माझ्याशी अबोला धरला होतास तू याच्यापायी."

"तू उलटं केलं होतंस."

"चूक तीच. दगड जुळला नाही."

तो चपला शोधायला लागला. चप्पल त्याच्या पायातच होती.

दुकानवाल्या बाईंनी या वेळी बुटक्याचं सगळं ऐकून घेतलं आणि आमच्यासमोर स्टूल ठेवलं. "बसा आधी. काल सांगायचं राहून गेलं. त्या लांबट गोगलगायींवर चावून या जातीच्या माशाचा दात तुटतोसुद्धा. त्यांना पातळ कवच लागतं, फुटणारं. एक फोडलं की थोडं झिजतं. रोज थोडं थोडं. बारीकच टाका, त्याच्या डोळ्याएवढ्या. मोठी टाकलीत तर ज्याचं तोंड उघडत नाही तो काय करणार?"

"द्या मग."

"विकायला नसतात, मागेल त्याला अशाच देतो. त्या कोण विकतं? आपोआप येतात, झाडांबरोबर. कुणी नेल्या नाहीत तर काढून फेकतो." त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. तिथे पाणवनस्पतींचे टप होते. पानाच्या खालच्या बाजूला थेंबासारख्या गोगलगायी, मुगाच्या डाळीएवढ्या आणि त्याहून लहान. आम्ही दोघांनी पानं उलटी करकरून त्या वेचल्या. ओणवं राहून दीड तास. चाळीस-पन्नास मिळाल्या असतील. माझी पाठ दोन दिवस बोलत होती.

घरी आल्यावर गोगलगायी टाकीत सोडायच्या आधी डॉक्टरने मुलीला फोन लावला. रविवार नव्हता. ती घाबरूनच बोलली, "आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. बुटका आजारी आहे. चूक माझी आहे." मग त्याने सगळं सांगितलं, कागद, दात, वड्या, परवाची टाळाटाळ. काही गाळलं नाही.

"बाबा, दात वाढतात त्यांचे," ती म्हणाली.

"कळलं आता."

"मी लिहिलं होतं की."

"वाचलं. पण करवतीचं म्हणून वाचलं."

मग ती हसली, थोडंसंच. "वाढतात, हे लिहायचं राहिलं माझं. मला वाटलं दात म्हटल्यावर तुम्हाला काय सांगायचं." आणि म्हणाली, "फोन ठेवू नका. तिकडे उभा करा. मला बघायचंय."

वहिनींनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. डॉक्टरने सगळ्यात लहान सहा गोगलगायी निवडल्या आणि चिमट्याने झाडाच्या पानावर एकेक ठेवल्या. बाकीचे मासे लगेच आले, म्हणून मी टाकीच्या दुसऱ्या टोकाला वेचलेल्यांतल्या जरा मोठ्या गोगलगायी टाकून त्यांना तिकडे अडकवलं. टक, टक, टक सुरू झालं. बुटका हलला नाही. दहा मिनिटं. वीस मिनिटं. वहिनी पदराने काच पुसायला गेल्या, डॉक्टरने हातानेच थांबवलं.

मग बुटक्याने एक डोळा पानाकडे वळवला. पुढे आला. मागे गेला. पुन्हा आला आणि चावला. निसटलं. दुसऱ्यांदा चावला. आवाज इतका बारीक होता की मला ऐकू आलाच नाही. डॉक्टरला आला.

"फुटलं," तो म्हणाला.

"खाल्लं का?" फोनमधून मुलगी.

"थांब." कवचाचा तुकडा खाली पडला, मागोमाग दुसरा. आतलं त्याने ओढून घेतलं. "खाल्लं."

त्या दिवशी त्याने एकच खाल्ली. दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्याने डॉक्टर भिंग घेऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "केसभर कमी झालाय." आयुष्यात पहिल्यांदा तो हे वाक्य खुशीत बोलत होता. तीन आठवड्यांनी बुटक्याचं पोट गोल झालं आणि तो मोठ्यांच्या शेपट्यांना चावायला लागला, तेव्हा बरा झाला असं आम्ही धरलं.

टाकीची व्यवस्थाही मग लागली. लांबट पंधरा गोगलगायी वाळूतच राहिल्या. त्या फुटत नाहीत, त्यामुळे मासे त्यांच्या नादी लागत नाहीत. राहायला त्याच योग्य निघाल्या. चारही कोळंब्या टिकल्या. खायच्या गोगलगायी डॉक्टर आता घरीच वाढवतो, खिडकीत तीन बरण्या मांडून. उकडलेल्या दुधी भोपळ्याची चकती टाकली की त्या वाढतच जातात. एका बरणीतून काढायच्या, तोवर दोन भरायच्या. कुठल्या बरणीची पाळी आहे ते तो खडूने झाकणावर लिहितो. वहिनींच्या पट्टेरी गोगलगायी चौथ्या भांड्यात आहेत. त्या कुणाच्याच जेवणात नाहीत.

मुलगी आठ महिने पुरे करून परत आली. पाच मासे मोजून घेतले. टाकी पुन्हा उतरवली, छत्तीस पायऱ्या, तीन फेऱ्या, आणि दोन गल्ल्या पलीकडे नेऊन लावली. डॉक्टरने पाण्याची पातळी बघितली, वाळू सारखी केली आणि निघाला.

दारात तिने विचारलं, "आणि गोगलगायी? माझ्याकडे बरण्या ठेवायला जागा नाही."

"मी आणून देत जाईन," तो म्हणाला. "आठवड्यातून दोनदा."

आता दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी तो छोटी बरणी खिशात घालून निघतो. पाऊस असला तरी निघतो. मुलगी नकाशावर काम करत असते, हा टाकीसमोर बसतो. फारसं बोलत नाहीत. परवा ती मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, मासे दहा मिनिटांत खाऊन मोकळे होतात. बाबा दोन तास बसतात." तिने त्याच्यासाठी एक खुर्ची घेतली आहे, पाठ टेकता येईल अशी.